बावीस जिल्ह्यांचं पुस्तक

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आई आता भिंतीला धरून का होईना, चार पावलं टाकते, हे वाचून जीव भांड्यात पडला. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. खोकला गेला. हे सगळं खरं आहे, तरीही गेले नऊ दिवस मी पत्र लिहायला बसतो आणि इथवर येऊन थांबतो. आज मात्र सांगायलाच हवं. गोष्ट आपल्या घराची आहे, म्हणून सावकाश वाच आणि आईला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

छापखान्यात यंदा 'आपल्या देशाची ओळख' या पुस्तिकेची प्रुफं तपासायला माझ्याकडे आली. हो, तीच, तू दरवर्षी चौथीला शिकवतेस ती. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला हे काम मिळालं याचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! मशीनवरचे लोक मला 'भिंग' म्हणतात. "भिंगाच्या नजरेतून डासाचा पायसुद्धा सुटत नाही," असं म्हणून हसतात. हसू देत. ही नजर तू दिलीस. धुणं वाळत घालता घालता तू मला तेवीस जिल्हे एका दमात म्हणायला लावायचीस आणि अडखळलो की पाठीत ओला टॉवेल बसायचा. आपला जिल्हा एकोणिसावा. त्या नावाशी माझा दम हमखास संपायचा, आणि तू म्हणायचीस, "स्वतःच्या घराशी येऊन धापा टाकतोस, वेड्या!"

तर भूगोलाचं पहिलं प्रूफ वाचताना माझा दम संपलाच नाही. अठराव्यावरून मी सरळ पुढे गेलो आणि यादी संपली. मोजली, बावीस निघाले. वर मजकुरातही बावीसच. मला वाटलं, जुळणी करणाऱ्याकडून ओळ गळली. मी लाल पेनाने आपल्या जिल्ह्याचं नाव घातलं, आकडा तेवीस केला आणि प्रूफ परत पाठवलं. दुसरं प्रूफ आलं, पुन्हा बावीस. मी पुन्हा दुरुस्ती केली. तिसऱ्या वेळी तर मागच्या वर्षीची पुस्तिका सोबत जोडली, खूण म्हणून पानात कागद घालून. मला खरंच वाटत होतं की मी कुणाची तरी नोकरी वाचवतोय.

मग फोरमननी आत बोलावलं. ते रागावलेले नव्हते, हेच वाईट होतं. त्यांनी दार लावलं, खुर्ची पुढे केली. म्हणाले, "अरे भिंगा, तुला चुका शोधायला ठेवलंय, जिल्हे शोधायला नाही. वरून जसं आलंय तसं छापायचं." मी म्हटलं, पण साहेब, वरच्यांचीच चूक असेल तर? त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "माझी सासुरवाडी तिकडचीच. मी काय केलं? पान उलटलं. तूही उलट."

पुढची पानं मग मी वाचली, ताई, पण आता चुका शोधत नव्हतो. आपली नदी 'देशात उगम पावते' असं होतं, तिथे 'पूर्व सीमेवरून देशात प्रवेश करते' असं झालंय. इतिहासातून आपल्याकडच्या कौलांच्या कारखान्याचा संप गेला. शासनाच्या प्रकरणात सभागृहातल्या जागा पाचने कमी. आणि संस्कृतीच्या प्रकरणातला भट्टीवरच्या कामगारांचा फोटो, ज्यात डावीकडून तिसरे पाठमोरे बाबा आहेत आणि जो दाखवून तू दरवर्षी मुलांना "हे माझे बाबा" म्हणतेस, त्या जागी आता एका दीपगृहाचा फोटो आहे. सगळं इतकं बेमालूम केलंय की नवीन माणसाला कुठे काही कमी वाटणार नाही. एवढं नीट काम मी आजवर पाहिलेलं नाही.

पेपरात अजूनही एवढंच येतं, की शेजारच्या देशाशी सीमेची बोलणी चालू आहेत आणि काळजीचं कारण नाही. तुमच्याकडेही तेवढंच कळत असेल. काल शेवटच्या प्रुफावर माझी सही लागत होती. मी काय करणार होतो? नाही म्हटलं असतं तर पलीकडच्या टेबलावरच्याने केली असती. मी 'छपाईस योग्य' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. तारीख दोनदा तपासली. सवय. माझा जन्म कुठला, हे पुढे अर्जात काय लिहायचं, ते विचारायचा धीर मात्र झाला नाही.

आज दुपारी गठ्ठे कुठे कुठे पाठवायचे त्याची यादी लागली. तीही बावीस जिल्ह्यांची आहे. तुझ्या शाळेला यंदा पुस्तकं येणार नाहीत, ताई. तू नेहमीप्रमाणे गठ्ठे आले का बघायला स्टँडवर दोन फेऱ्या मारशील, शिक्षण खात्याला स्मरणपत्र लिहिशील, उशीर झाला म्हणून मुलांना समजावशील. तसं करू नकोस, हे सांगायला हे पत्र लिहिलं. टपालावर भरवसा नाही म्हणून कागद पुरवणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरकडे देतोय. तो परवा तुमच्याकडून परत निघेल, त्याच्या हाती उत्तर दे. आईला घेऊन इकडे ये म्हणावं, तर तिला बसच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत आणि तू वर्ग सोडून निघणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी तिकडे यावं, तर मग इकडे परत येऊ देतील की नाही, हे फोरमननाही सांगता येईना. शाळा उघडायला चौतीस दिवस उरले आहेत. लहानपणापासून मी तुला विचारून सगळं केलं. हेही तूच सांग. तू येतेस की मी येऊ?

तुझाच,
सही करून बसलेला
धाकटा