बिनदुधाचा चहा

येरमाळा
१३ जानेवारी १९७६

तीर्थरूप शिवगंगाअक्कास,
धाकट्या वीरप्पाचा शि. सा. न. वि. वि.

दूध संघाची नोकरी झकास चालली आहे. गावोगावी संकलन केंद्रं उघडायची, माणसं जोडायची. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, हे तुला माहीतच आहे. पण ज्या दुधाचे गुण गात हिंडतो ते पोटात गेलं की तासाभरात मला पळावं लागतं, हे कुणाला सांगू? संघात कळलं तर जन्मभराची थट्टा. म्हणून ते फक्त तुला आणि दाजींना ठाऊक.

कळंब रस्त्यावरची सगळी हॉटेलं पालथी घातली. जिथं तिथं पातेल्यात दूध, साखर, पत्ती एकदमच उकळत असतं. कोरा चहा मागितला की मालक माझ्या कपड्यांकडं बघतो. स्टँडसमोरच्या मच्छिंद्रनं मात्र काही न विचारता वेगळं आधण ठेवलं. दुष्काळात दोन वर्षं आपलं हॉटेल कोऱ्यावरच चाललं, म्हणाला. आता माझा मुक्काम तिथंच असतो.

आता काळजीचं. इथून तीन कोसांवरच्या एका गावात केंद्र उघडायचं तर बौद्ध वस्तीतल्या बारा घरांच्या दुधाशिवाय भागत नाही. वस्तीचं पुढारपण लिंबाजीकडं. आमचं दूध येगळ्या कॅनात तर न्हाय ना घेणार, असं त्यानं आधीच विचारलं. मी छातीठोक सांगितलं, एकच माप, एकच कॅन. तो खूश झाला आणि काल मला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं, सरुबाईनं, घरच्या म्हशीचं दाट दूध घालून चहा पुढं केला, आणि मी बोलून गेलो की आज सोमवार, मला उपवास आहे.

लिंबाजी शांतपणे म्हणाला, की चहाला कुठं उपास असतो सायब. ह्यो सोमवार आमच्या बापानंबी लई ऐकलाय. सरुबाईनं कप उचलून नेला. आज निरोप आला, की वस्ती दूध घालणार नाही. केंद्राचं काय व्हायचं ते होवो, पण तो मला शिवाशिव पाळणारा माणूस समजला, हे फार लागलं. काय करू ते कळव. दाजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
वीरप्पा


मुरूम
१९ जानेवारी १९७६

चिरंजीव वीरप्पास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ऐकून दाजी हसत हसत बाजेवर आडवे झाले. पोहायला शिकवणाराच पाण्याला भितो म्हणायचा, म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. अरे, जगात हजार बहाणे असताना तुला नेमका सोमवारच सापडला? आपल्या आजोबांनी उभा जन्म हाच बहाणा सांगितला. लिंबाजीला राग आला, त्यात त्याचं काय चुकलं?

आणि पोटाची लाज कसली बाळगतोस? अणदूरच्या जत्रेत पेढा खाऊन तू माझा नवा परकर खराब केलास, त्याला वीस वर्षं झाली. मी जगले, तूही जगलास. ऊठ, त्याच्या घरी जा आणि खरं ते सांग. थट्टा झाली तर होऊ दे. फक्त दूध पिऊन दाखवायचा शहाणपणा करू नकोस. मी तुला ओळखते.

तिळगूळ पाठवलाय, त्यात खवा नाही. माझ्यावर लोभ आहे तेवढा पुरे, जरा तब्येतीवर कर.

तुझी,
अक्का


येरमाळा
२७ जानेवारी १९७६

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू मला ओळखतेस हे खरं.

काल पुन्हा सोमवार होता. मुद्दामच तो दिवस धरला. झेंडावंदन उरकून वस्तीवर गेलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की मला दूध सोसत नाही. सगळे हसले. लिंबाजी तेवढा हसला नाही. दूध संघाच्या माणसाला दूध सोसत न्हाय, ह्यो बहाणा सोमवारापरीस नवा हाय, म्हणाला. मी कोरा चहा मागितला, तर सरुबाईनं साफ नकार दिला. दुष्काळात पाहुण्याला कोरा चहा देताना मान खाली जायची. आता दारात म्हैस असताना तो मी देणार न्हाय, म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

मग म्हणालो, आणा दुधाचाच. सायसुद्धा सोडली नाही. चहा फार चांगला होता, अक्का.

गोठे बघण्यात तासभर गेला आणि पोटानं हाक दिली. पुढचं काय लिहू? मी ओढ्याकडं पळतोय आणि लिंबाजी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागं. दुसऱ्या खेपेला तो हसला, तिसऱ्या खेपेला घाबरला. शेवटी ओढ्याच्या काठावर माझी पाठ चोळत म्हणाला, की आवं सायब, तुमाला तर खरंच सोसत न्हाय की! मी म्हणालो, सकाळपासून दुसरं काय सांगतोय?

सरुबाईनं मग आपणहून गूळ-सुंठीचा कोरा चहा केला, वर ज्वारीची भाकरी. एक तारखेला केंद्र सुरू होतंय. दारातच सरुबाई शेगडी मांडणार आहे, एक किटली दुधाची आणि एक कोऱ्याची. गावात दूध न सोसणारे आणखी दोघं निघाले. बिचारे आजवर लाजेनं गप्प होते. मच्छिंद्रचं एक गिऱ्हाईक तुटलं म्हणायचं.

रागावणार आहेसच, पण लोभातून वजा करू नकोस.

तुझा,
वीरप्पा


मुरूम
४ फेब्रुवारी १९७६

चिरंजीव वीरप्पास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला चार शिव्या लिहायला बसले होते. दाजी म्हणाले, पोरानं बाजी मारली, राहू दे. म्हणून शिव्या राहू दिल्या.

माझंच एक सांगायचं आहे. आपल्या शेतावर कामाला येणारी विठाबाई तुला ठाऊक आहे. तीही बौद्ध. तिचा कप गोठ्याच्या कोनाड्यात उपडा असतो. सासूबाईंनी तो तिथं ठेवला आणि मी कधी हलवला नाही. लिंबाजीचं काय चुकलं, असं तुला ऐटीत विचारलं, तेव्हा तो कप माझ्या ध्यानातही आला नव्हता. वीरप्पा, मला माझी लाज वाटली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तो कप राखेनं घासून मांडणीवर बाकीच्या कपांत ठेवला. सकाळी विठाबाईला आत बोलावलं आणि चुलीपाशी दोघी बसून चहा प्यायलो. चहा संपल्यावर ती मात्र सवयीनं आपला कप विसळायला घेऊन उठली.

तो मी तिच्या हातातून घेतला आणि विसळला.

बाकी भेटल्यावर. तुझा लोभ मला हवा आहे, हे आज पहिल्यांदा मागून घेते.

तुझी,
अक्का