बनवणं आणि बनवत सुटणं

ताईस सप्रेम नमस्कार. कुणाकडे शिकायला न जाता या दोन हातांनी आजवर केलेलं काम असं: एक पलंग (करकरत नाही), एक शिडी, स्वयंपाकघरातली फडताळं, आणि खुर्च्या. खुर्च्यांचा आकडा लिहीत नाही, कारण तुझ्या पत्रातलं "तू खुर्च्या बनवत सुटला आहेस" हे वाक्य अजून टोचतंय. गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला?

आता त्या शब्दाबद्दल. बनवणं वेगळं, बनवत सुटणं वेगळं, आणि हे थोरलीला धाकट्याने सांगायची वेळ आली. गरज संपली तरी ज्याचा हात थांबत नाही, तो बनवत सुटला. समोरची शिवणकामवाली उरल्या कापडाच्या पिशव्या शिवते, मग त्या पिशव्या ठेवायला आणखी पिशव्या. ती सुटली आहे. मी नाही. (तुझी भावजय म्हणते, "तिच्या पिशव्यांची निदान घडी होते." घरात माणसं दोन, आणि पलंगापर्यंत खुर्च्यांमधून अंग चोरून सरकावं लागतं, हे खरं.)

मागच्या खेपेला तू माझ्या पहिल्या खुर्चीत बसलीस आणि तुला उठता येईना. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दाजी, दारातून शेजारी म्हणाला, "खुर्चीसकटच न्या की त्यांना!" सगळे हसले, तू हसली नाहीस. खुर्चीत दोष नव्हता. सांध्यात आजही नख शिरत नाही. पण त्यानंतर तू आली नाहीस. म्हणून दुसरी केली, उंच. फारच उंच झाली, तुझे पाय लोंबले असते. पुढचीचे हात पुढे घेतले, रेटा देता यावा म्हणून. भावजय बसून-उठून दाखवते, पण तिचे गुडघे धडधाकट, त्यावरून काय कळणार? तू बसशील आणि कुणाचा हात न धरता उठशील, त्या दिवशी करवत खुंटीला. तोवर गरज संपलेली नाही, आणि तो शब्द मला लागू नाही.

तुझा धाकटा

ता. क. माप पत्राने पाठवू नकोस, दाजी पट्टी तिरकी धरतात. गुडघा घेऊन तूच ये. दार लावून घेईन.

आणखी एक. कोपऱ्यावरचा खाणावळवाला सगळ्या खुर्च्या मागत होता. म्हटलं, न्या, खिडकीपाशी आहे ती सोडून, ती ताईची. "न्यायच्या तर सगळ्या," म्हणाला. मी नाही म्हटलं. भावजय अजून बोलत नाही. अडुसष्ट हजार देत होता.