फितुराचा मान

हेल्मरोडे, १४ एप्रिल

चि. आर्नुल्फ यास हेडविगताईचे अनेक आशीर्वाद.

पपांचा फितुराचा कोट काल उन्हात टाकला आणि बाह्या माझ्या मापाच्या केल्या. इतरांच्या घराण्यात मंत्री निघाले, आपल्यात स्वीडिश फौजेला वेस उघडून देणारा फाइट नावाचा पूर्वज निघाला. पण दर जूनच्या उत्सवात त्याचं सोंग आपल्याच घरानं काढायचं आणि गावानं सडकी सफरचंदं मारायची, हा मान कुणाला आहे? पपांना संवाद मी पाठ करून दिले, कोटावरचा गर मी खरवडला. पपांच्या दफनाच्या दिवशी तू माझा हात धरून म्हणालास, की आता फाइट तूच, ताई. गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही. शेजारची ओटीलिए आजी मात्र सफरचंदं साठवू लागली आहे.

तुझा गुडघा कसा आहे? उत्सवाला नक्की ये.

तुझी,
हेडविगताई

हानोफर, ३ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

गुडघा फारच धरला आहे. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात, त्यामुळे यंदा येणं दिसत नाही.

दुसरं, नगराध्यक्षांचा फोन आला होता. फाइट बाईमाणसानं करणं इतिहासाला धरून नाही, असं उत्सव समितीचं मत पडलं. घरातला पुरुष म्हणून माझा होकार लागत होता, तो मी दिला. त्यांचे जावई येन्स ते काम करतील. दातांचे डॉक्टर आहेत, आवाज चांगला आहे. मी तुझ्याच वयाचा विचार केला, ताई. सफरचंदं लागतात गं. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
आर्नुल्फ

हेल्मरोडे, २३ जून

चि. आर्नुल्फ यास,

आशीर्वाद मागच्या पत्रातले शिल्लक असतील, तेच वापर.

उत्सव झाला. दातांच्या डॉक्टरांनी फितुरी छान हसत हसत केली. एकूण एक दात दिसले. मग ते वेशीच्या किल्लीसाठी कमरेला चाचपू लागले. समितीनं काम मागून नेलं, कोट मागून नेला; किल्ली मागायला कुणीच आलं नाही. पपा ती घरूनच आणायचे, म्हणून ती कोटासोबत उगवते असा सगळ्यांचा समज. मी रिवाजाप्रमाणे दुपारीच वेस लावून कुलूप घातलं होतं.

नगराध्यक्ष घाम पुसत माझ्याकडे आले. किल्ली एप्रनच्या खिशातच होती. खरं सांगते, देणारही होते. गावाचा काय दोष? म्हटलं, आधी बाहेर फौज उभी आहे का बघावं, म्हणून वेशीवरच्या झरोक्यातून डोकावले.

पांढऱ्या घोड्यावर, पिसांची टोपी घालून, स्वीडिश कप्तान बसला होता. गुडघा चांगला वळत होता तुझा. लहानपणी त्या घोड्यासाठी तू जमिनीवर लोळायचास, आठवतं. मला वाटलं होतं, मोठा झालास.

तू वर पाहिलंस आणि हळूच म्हणालास, "ताई, उघड ना. लोक बघताहेत."

फाइटनं शत्रूच्या हाकेला वेस उघडली आणि तो फितूर ठरला. मला तर हाक माझ्याच भावाची होती. मी झरोका लावून घेतला आणि घरी येऊन बटाटे सोलायला बसले.

यंदा गाव पडलं नाही. तुझी फौज म्हणे पेट्रोल पंपावर बिअर पीत बसली. ओटीलिए आजीनं सफरचंदांची टोपली माझ्या ओट्यावर आणून ठेवली. तिचं म्हणणं, यंदाचा फितूर भिंतीपलीकडे होता आणि तिचा हात तेवढा पोचत नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. लिहिलं.

हेडविग