श्रीपत केम

कतारगाम, सुरत

श्रीपतभाऊला दगाचा जयभीम आणि अंजनावहिनींना रामराम. (कोणाला काय म्हणायचं यात गडबड झाली असेल तर आपसात वाटून घ्या.) गुडघा कसा आहे तुझा? माझा तसाच, बसताना बोलतो, उठताना ओरडतो.

विशेष म्हणजे, मी म्हातारपणी इंग्रजी शिकतोय. हसू नकोस. योगिताने दिवाळीनंतर ऑकलंडला बोलावलंय, कायमचं. तिचं म्हणणं, बाबा, शेजाऱ्याशी दोन शब्द तरी बोलता आले पाहिजेत. म्हणून संध्याकाळी सोनाली मॅडमच्या क्लासला जातो. सचिन गावातल्या कारखान्यात आपण लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायचो ना, ती सवय गेलेली नाही. मी "येस मॅडम" म्हटलं की खालचा पानवाला वर बघतो.

परवा भूतकाळाचा पार लोचा झाला (आपण नवसारी बाजारात खायचो तो नव्हे). नियम असा, की जे काम चालू होतं त्याला 'वॉज' आणि 'आयएनजी', आणि मध्येच जे टपकलं त्याला साधा भूतकाळ. हे मला झटकन कळलं. लूम वॉज रनिंग, लाईट वेंट. मॅडम खूश. मग म्हणाल्या, आता तुमच्या मनाची वाक्यं करा. मी केली. आय वॉज ड्रिंकिंग चहा, श्रीपत केम. आय वॉज ईटिंग लोचा, श्रीपत केम. आय वॉज फायटिंग विथ पुष्पा, श्रीपत केम (आणि नेहमीप्रमाणे तिच्या बाजूने बोलला). शेजारची गुजराती पोरगी वहीत डोकावून विचारते, काका, श्रीपत केम? म्हणजे तिच्या भाषेत, श्रीपतच का बरं? आता तिला काय सांगू, माझ्या चालू कामात दुसरं कोणी टपकलंच नाही रे कधी.

पुढे बिनसलं. मी लिहिलं, श्रीपत वॉज गोइंग टू धरणगाव. मॅडमनी विचारलं, पोचले का? म्हटलं, आठ वर्षं झाली. मग 'वेंट' लिहा, काम संपलं. मी हट्टाला पेटलो. गाडी सुटताना तू खिडकीतून काय म्हणाला होतास? "दगा, येई राहिनू." आपल्या अहिराणीत त्याचा अर्थ येतोच आहे. म्हणजे काम चालू आहे. मॅडम म्हणाल्या, काका, आठ वर्षं कोणी येत नसतं. आणि लाल रेघ मारली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. माझी पुष्पा गेली, ते मी मुकाट्याने साध्या भूतकाळात लिहिलं होतं. तुझ्याबाबतीत हात वळेना.

असो. वहिनींना सांग, त्यांच्या कळण्याच्या भाकरीची आठवण येते. इथलं पीठ सपक आहे.

तुझा,
दगा

ता. क. भाकरीचं उगाच लिहिलं. पीठ बरं आहे.

ता. क. दुसरा. दिवाळीआधी एकदा ये. ताप्ती लाईनची गाडी आजही त्याच फलाटावरून सुटते. चहाची लारीही जागेवर आहे, मी रोज संध्याकाळी क्लासआधी तिथे बसतो. परीक्षेत तेच वाक्य लिहिणार आहे, आय वॉज ड्रिंकिंग चहा, श्रीपत केम. नाही आलास तरी शब्द बदलणार नाही. फक्त तो 'केम' मग गुजराती समज.