ताईंच्या फायलीवरची लाल ओळ

३ मार्च
आज गारखेड्यात पेशंट सांभाळायच्या कामाला लागले. खुलताबादहून सकाळच्या बसनं आले. केशवकाका स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. अठ्ठ्याहत्तर वय, पण माझी पिशवी मला उचलू दिली नाही. वरच्या मजल्यावर पद्मजाताईंच्या खोलीला लागूनच माझी खोली आहे, खिडकीत बोगनवेल. ताई म्हणजे काकांच्या पत्नी, गणिताच्या शिक्षिका होत्या. फायलीवर अल्झायमर लिहिलंय, म्हणून वाटलं काहीच आठवत नसेल. तर त्यांनी मला यंदा पेरू कसे झालेत विचारलं, आणि माझं गणित कच्चं आहे हे दोन मिनिटांत ओळखलं. दोघी लई हसलो.

९ मार्च
ताईंचा एक दिवस लख्ख, दुसरा पार धुक्यातला. चालताना पाय घासतात. झोपेत लाथा झाडतात. कपाटाजवळ तीन मुली बसतात म्हणे, ओल्या वेण्यांच्या. ताईंना त्यांची भीती नाही. बोलत नाहीत, नुसत्या बघतात, असं सांगतात. भीती वाटते ती काकांची. आज चहा घेऊन काका आले तर ताईंनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "हा हुबेहूब केशवसारखा दिसतो. पण केशव नाही हा."
काकांनी ऐकलं. कप ठेवून खाली गेले.

१५ मार्च
पुण्याच्या शंतनूदादानं, म्हणजे ताईंच्या मुलानं, दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. डॉ. मनस्विनींनी दीड तास तपासलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, चालवून बघितलं, झोपेबद्दल मला विचारलं. म्हणाल्या, हा अल्झायमर नाही, ल्युई बॉडी डिमेन्शिया आहे. पुष्कळदा ओळखायला चुकतं. पुरती खात्री माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होते. पण मुली दिसणं, जवळचा माणूस तोतया वाटणं, सगळं याच आजारात बसतं. आधीच्या डॉक्टरांनी भास थांबवायला दिलेली गोळी आजपासून बंद. या आजारात तिनं अंग लाकूड होतं, ताप चढतो, जीवही जाऊ शकतो. फायलीवर लाल पेनानं तसं लिहून दिलं.
परतताना हलकं वाटलं. रोगाचं नाव तरी सापडलं.

२३ मार्च
गोळी थांबल्यापासून ताई आपल्या हातानं जेवतात. आज माझ्याकडून पाढे म्हणवून घेतले. पण काकांना रोज सकाळी विचारतात, माझा नवरा कुठं आहे? काका आता दाराबाहेरच उभे राहतात.

२९ मार्च
ताई पुन्हा आखडल्या. चमचा धरवत नाही. मला म्हणाल्या, "तो मला गोळी देतो. केळ्यातून."
डॉक्टरांना फोन लावला. काका शेजारीच होते. त्यांनी स्वतःच डोळे पुसत सांगितलं की आता ती म्हणते, मी तिला विष घालतो. डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, असा संशयही आजारातलाच. ताप आला तर मात्र लगेच घेऊन या.
मीपण मान हलवली.

२ एप्रिल
उष्ट्या केळ्यात पांढरी भुकटी. देवघराच्या खणात पाकीट. नाव तेच, लाल पेनानं लिहिलेलं. आधीच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर आणलंय.
काकांना विचारलं. नाही म्हणाले नाहीत. पेला पुसत म्हणाले, "एकेचाळीस वर्षं संसार केला, सुरेखाबाई. रोज सकाळी मला विचारते, माझ्या नवऱ्याचं काय केलंस? गोळी दिली की विचारत नाही."
मी म्हटलं, जीव जाईल त्यांचा.
म्हणाले, "किती शांत बघते माझ्याकडे."
डॉक्टर परगावी आहेत, सोमवारी येणार. दादाला सगळं सांगितलं. म्हणाला, बाबांशी बोलतो.

३ एप्रिल
दादाचा फोन आला. आवाज वेगळाच. बाबा म्हणतात, जागरणानं तुम्हालाही कपाटाजवळ मुली दिसायला लागल्यात. घरी जा, आराम करा.
मला काही दिसत नाही. मी असं कधी बोललेच नाही—
खण बघितला. पाकीट नाही.

४ एप्रिल, दुपार
ताईंना ताप. चटका बसतोय हाताला. कोपर सरळ होत नाही. जबडा मिटलेला. डोळे तेवढे हलतात.
अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. काका आत येऊ नयेत म्हणून ताईंच्या खोलीला आतून कडी घातली.

२.१०
गाडी आली. फाटकाशी काका. हसून बोलतायत. वर बोट दाखवलं— माझ्याकडं. मी खिडकीच्या जाळीतून ओरडले, ताप आहे, ताप. गाडीतल्या एकानं मला हात केला. लहान लेकराला करतात तसा.
गाडी वळतेय—

२.१६
पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. म्हणाले, घरच्यांनी सांगितलंय पेशंट ठीक आहे. काम करणाऱ्या बाईंना भास होतात. मी म्हटलं, नाही हो, मी— तिकडून फोन ठेवला.

जिन्यावर पावलं. सावकाश.
दार वाजवतायत. सुरेखाबाई म्हणून हाक, लई मायेनं. घाबरू नका म्हणतात.
ताईंचा श्वास मिनिटाला चाळीस—
कडी हलतेय. एक खिळा निघाला.
हे कुणी वाचलंत तर मी खरी की वेडी ते नंतर ठरवा. आधी ताईंच्या अंगाला हात लावा, किती तापलंय बघा, आणि डॉक्टरांना सांगा की ताई म्हणत होत्या ती गोळी खरंच—