गादीपासून चार बोटं

११ जानेवारी, बीड
दंड पार आखडलाय. कंगवा डोक्यापर्यंत जाईना, शेवटी सत्यशीला वहिनीनं वेणी घातली. 
वयाची सदतीस पूर्ण. व्हीलचेअर तलवारबाजीत आठ वेळा देशात पहिली — आणि शेजारच्या रतनबाई अजून विचारतात, "म्हंजे खुर्चीत बसूनच भांडायचं ना, वनमाला?" हो बाई, तेच.

१४ जानेवारी
संक्रांत असूनही सराव. अंजू डब्यात तिळगूळ घेऊन आली. उमापूरची पोरगी, एकोणीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली दोन्ही पाय गेले, मांडीपासून. वडील, बंकटभाऊ, मेंढरं राखतात. तिला इथं मावशीकडं ठेवलंय, ते खेळासाठीच.
लोक म्हणतात, मी तिला घडवलं. कसलं घडवलं! लढायला समोर कुणीतरी लागतं आणि अख्ख्या जिल्ह्यात त्या खुर्चीत बसणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या गरजेसाठी शिकवलं तिला.
आज तिनं मला लागोपाठ चारदा हरवलं. वर विचारते, "ताई, हात लई दुखायलाय का?" खरंच काळजीनं विचारत होती. त्याचाच राग आला.

२० जानेवारी
पत्र आलं. २ फेब्रुवारीला संभाजीनगरला राज्याची निवड चाचणी. आमच्या गटात जागा एकच.
राष्ट्रीय स्पर्धेला खेळलं की पुण्याच्या क्रीडा केंद्रात घेतात. राहणं, जेवण, शिकवायला माणूस. अंजूनं तीनदा विचारलंय, तिथं खोली कशी असते, खिडकी असते का. तिला उमापूरला परत जायचं नाही. तिथं दिवसभर ओसरीवर बसवून ठेवतात तिला.
आणि मी? माझी ही शेवटची. थकलेय, अगदी आतून थकलेय. पण खेळ सोडला तर सकाळी उठून करायचं काय, तेही ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी
फायनल अंजूशीच. १५-१४. जिंकले.

३ फेब्रुवारी
काल लिहिलं नाही ते आज लिहिते. इथं तरी खोटं कशाला.
चौदा-चौदा झाले होते. आमच्या खुर्च्या लोखंडी चौकटीत घट्ट बसवतात, पुढं-मागं होता येत नाही. म्हणून एक नियम सगळ्यांच्या वरचा — बूड गादीवरून उठता कामा नये. उठलं तर लागलेला वारही धरत नाहीत.
पोलिओनं माझा डावा पाय गेला, उजव्यात अजून जोर आहे. अंजूला तर पायच नाहीत.
चुकून झालं असं लिहिणार होते. चुकून नाही झालं. उजवा पाय दाबला, चार बोटं वर उठले आणि टोक तिच्या खांद्याला टेकवलं. वार लागल्याचा दिवा लागला. पंच दिव्याकडं बघत होते. अंजू माझ्याकडं.
तिनं मुखवटा काढला. "जिंकल्या ताई." हात पुढं केला.
बाहेर बंकटभाऊ भेटले. "आमच्या पोरीचं काय चुकलं हो ताई?" मी म्हणाले, ती जरा घाई करते. माझ्या तोंडून हे निघालं तरी कसं?

९ फेब्रुवारी
सत्कार. बिभीषणराव पुढाऱ्यांनी भला मोठा पडदा लावला होता. बंकटभाऊंनी मोबाइलवर अख्खी लढत काढलेली. लेक हरली तरी कौतुकानं त्यांनीच ती दिली. शेवटचा वार तीनदा दाखवला, अगदी सावकाश. माझ्या आणि गादीच्या मधली फट स्वच्छ दिसत होती. कुणीही सांगावं, इतकी.
"बघा, आपल्या वाघिणीनं कशी झेप घेतली!" बिभीषणराव माइकवर. टाळ्याच टाळ्या. या जिल्ह्यात तो नियम दोघींनाच माहीत आहे. एकीच्या गळ्यात हार होता. दुसरी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.
घरी येऊन पाठ शेकली आणि पडून राहिले.

१२ फेब्रुवारी
राष्ट्रीय स्पर्धेसाठी नावं सोळा तारखेला दिल्लीला जाणार. उद्या संघटनेला खरं सांगते.

१३ फेब्रुवारी
नाही सांगितलं. फोन हातात घेतला, ठेवला. वहिनी म्हणाली, "कावून जेवत न्हाईस? ताट तसंच हाय." दंडाचं कारण सांगितलं. बिचारा दंड, काय काय झाकतोय.
स्वतःशी हिशेब चालतो — ती एकोणीसची, तिला पुढची दहा वर्षं आहेत, मला नाहीत. बरोबर आहे की! मग घास का उतरत नाही?
अंजू सत्कारापासून सरावाला आलेली नाही. मावशी म्हणते, ताप आहे.

१५ फेब्रुवारी
आज आली. चौकटीत खुर्ची बसवून घेतली, तलवार मांडीवर ठेवली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुमी उठलात ना, तसं मला बी शिकवा. मला पाय न्हाईत, तर हातावर जोर देऊन, पंचाला दिसू न देता कसं उठायचं?"
तिला तिथंच थांबवलं आणि तिच्यासमोर संघटनेच्या सरांना फोन लावला. मी म्हणाले, सर, वनमाला बोलतेय. शेवटच्या वाराला मी गादीवरून उठले होते, माझ्या जागी अंजूचं नाव पाठवा.