ट्यूबलाइट आणि चारची गोळी

सोमवार, ४ मार्च
सूचीविभागात माझ्यासमोरच्या टेबलावर नवी मुलगी रुजू. आल्या आल्या म्हणाली, मला ऑटिझम आहे, सूचना लेखी द्या, आणि ही ट्यूबलाइट गुणगुणते, ती दुरुस्त करा. मला तर काही ऐकू येत नाही. पण म्हटलं, निश्चिंत राहा. माझ्यासारखा मोकळ्या मनाचा ग्रंथपाल शोधून सापडायचा नाही. आधीचे तिघे याच टेबलावरून सोडून गेले. दमच नव्हता. चार वाजता नेहमीची डोकेदुखी. गोळी.

मंगळवार, ५ मार्च
न्यूरोडायव्हर्सिटीचा, म्हणजे वेगळ्या घडणीच्या मेंदूंचा, ऑनलाइन कोर्स केला. एक तास. (चहा धरून.) सर्टिफिकेट आलं, फ्रेम करायला टाकलं. अशा माणसांना लोक विक्षिप्त म्हणायचे! काय तो अडाणीपणा! मीसुद्धा गेल्या शुक्रवारपर्यंत म्हणायचो.

गुरुवार, ७ मार्च
तिच्यासाठी सरप्राइज स्वागत. फुगे, टाळ्या, माझं भाषण (फक्त चाळीस मिनिटं). तिने कानांवर हात ठेवले. भारावली असावी. नंतर चिठ्ठी दिली: समारंभ नको होता, ट्यूबलाइट हवी होती. लाजते बिचारी. गोळी.

शुक्रवार, ८ मार्च
समावेशकता समिती स्थापन. अध्यक्ष मी. शिपाईमामा म्हणाले, साहेब, नुसता ट्यूबचा चोक बदलायचाय, पाच मिनिटांचं काम. म्हटलं, मामा, मोठ्या प्रश्नांत घाई करून चालत नाही. बायको म्हणते, डोळे तपासून घ्या. तिला ऑफिसचं टेन्शन काय कळणार! गोळी.

सोमवार, ११ मार्च
तिचं पत्र. शुक्रवारपर्यंत दिवा दुरुस्त झाला नाही तर नोकरी सोडणार. शेवटी लिहिलंय, काम मला आवडतं. ते वाक्य दोनदा वाचलं. सूचीतल्या आमच्या वीस वर्षांच्या चुका पोरीने आठवड्यात शोधल्यात. ती जाता कामा नये! निर्धार: तिच्यासाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहिणे. दोन गोळ्या.

शुक्रवार, १५ मार्च, दु. ३
पुस्तिका तयार, छत्तीस पानं. द्यायला गेलो तर खुर्ची रिकामी. बघतो तर ती कोपऱ्यात ट्यूबलाइटखाली शिडी धरून उभी, वर मामा. तिनेच त्यांना चिठ्ठी लिहिली होती म्हणे. चार मिनिटांत काम झालं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तिने पाहिलं, मी ते खाली घेतले.

सोमवार, १८ मार्च, सायं. ५
टेबलावर तिची चिठ्ठी: आज चार वाजता गोळी घेतली नाहीत, बरे आहात ना?
डोकं चाचपलं. दुखतच नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.
कोर्समध्ये हे नव्हतं.